ओल मोजायची ती पाणी थांबवण्यासाठी

कुंडल-पलूसच्या बाजूला उसाच्या हिरव्यागार रानांच्या मधेच एखादा तुकडा पांढरा पडलेला दिसतो. उगवण विरळ, उगवले ते कोंब पिवळे, आणि सरीच्या कडेने खार फुटलेला. हे रान पाण्यावाचून गेलेले नाही, पाण्याने गेलेले आहे. म्हणून मातीतली ओल मोजणाऱ्या हातयंत्राचा विचार इथल्या शेतकऱ्याने जरा उलट्या बाजूने करायला हवा. विक्रेता सांगतो की पिकाला तहान लागली की यंत्र कळवते. ते खरे आहे. पण ताकारी योजनेचे, आरफळ कालव्याचे किंवा नदीवरच्या मोटारीचे पाणी ज्याच्या बांधाला आले आहे, त्याच्यासाठी यंत्राचे मोठे काम वेगळे आहे. पिकाला अजून तहान लागलेलीच नाही, हे त्याने सांगायचे आहे.

कुंडलचे शिवार या कामाला अवघडही आहे आणि चांगलेही. पश्चिमेला कृष्णा, पूर्वेला येरळा, आणि गावाच्या अंगाला डोंगर. डोंगराकडचे रान मुरमाड, लवकर सुकणारे. खाली उतरावे तशी माती खोल, काळी आणि चिकट होत जाते. एकाच शेतकऱ्याचे दोन तुकडे असतील तर एकाला आठव्या दिवशी पाणी लागते आणि दुसऱ्याला पंधराव्या दिवशीही लागत नाही. पाळी मात्र दोन्हीकडे एकच चालते, कारण शेजाऱ्याने दारे धरले की आपणही धरायचे, ही रीत आहे. यंत्र ही रीत मोडायला मदत करते, पण ते आपल्या मातीशी जुळवून घेतले तरच.

बाजारात ‘ओलावा मापक’ या एका नावाखाली फार वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. सगळ्यात स्वस्त ती दोन दांड्यांची, वर काटा असलेली, बिनबॅटरीची. काही शे रुपयांत मिळते, वर सामू आणि प्रकाशही मोजते म्हणून सांगतात. ही शेतीसाठी घेऊ नका. दोन वेगळ्या धातूंमध्ये ओल्या मातीतून जो किंचित विजेचा प्रवाह वाहतो, तो ती दाखवते. मातीत खत किंवा क्षार असले की हा प्रवाह वाढतो आणि काटा ‘ओले’कडे जातो. कुंडीतल्या तुळशीला ठीक. क्षारपड व्हायला टेकलेल्या उसाच्या रानात ती सरळ दिशाभूल करते.

कामाची हातयंत्रे आहेत ती वेगळ्या तत्त्वावर चालतात. विजेचा प्रभार साठवण्याची पाण्याची क्षमता मातीच्या मानाने फार मोठी असते. तिचा अंक पाण्यासाठी सुमारे ८०, कोरड्या मातीच्या कणांसाठी ३ ते ५ आणि हवेसाठी १ असतो. म्हणून मातीत खुपसलेल्या दांड्यांमधली ही क्षमता मोजली की मातीच्या आकारमानात पाणी किती टक्के आहे ते काढता येते. हा हिशोब मांडणारे समीकरण कॅनडातल्या टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली प्रसिद्ध केले. बहुतेक यंत्रांच्या पोटात आजही त्याच धर्तीचे एखादे समीकरण असते. पण फुगणाऱ्या, आकसणाऱ्या, चिकणमातीने भरलेल्या काळ्या जमिनीत असले सर्वसाधारण समीकरण हमखास थोडे चुकते. किती चुकते ते ज्याच्या त्याच्या रानातच तपासावे लागते, आणि ते कसे ते पुढे सांगतो.

तिसरा प्रकार टेन्शिओमीटरचा. पाण्याने भरलेली नळी, तळाला सच्छिद्र भाजक्या मातीचा कप, वर निर्वात मोजणारा काटा. पाणी किती आहे हे तो सांगत नाही. ते ओढून घ्यायला मुळांना किती जोर लावावा लागतो हे सांगतो. क्षाराने तो फारसा फसत नाही, हा मोठा गुण. पण साधारण ८० सेंटिबारच्या पुढे नळीत हवा शिरते, आणि काळी जमीन भेगाळली की कपाचा मातीशी संबंधच तुटतो. ठिबकवरच्या द्राक्षबागेत, जिथे माती कायम ओलसर ठेवायची असते, तिथे तो चांगला चालतो. तो एका जागी रोवून ठेवायचा असतो, या रानातून त्या रानात नेण्याचा नाही.

उसासाठी एक सोपे भारतीय यंत्र आहे. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेने तयार केलेला ओलावा दर्शक. आकडा नाही, चार दिवे आहेत: निळा म्हणजे ओल भरपूर, हिरवा म्हणजे पुरेशी, केशरी म्हणजे कमी, लाल म्हणजे लगेच पाणी द्या. वाचता न येणाऱ्या माणसालाही वापरता येते, आणि पाणी पाजणारा गडी बऱ्याचदा मालकापेक्षा हुशारीने वापरतो. मात्र दिव्यांच्या सीमा आधीच ठरलेल्या असतात. तुमच्या काळ्या रानात हिरवा दिवा कधी लागतो आणि तेव्हा माती हाताला कशी लागते, हे पहिल्या हंगामात ताडून पाहावे.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या उसातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रयोगाची चर्चा आपल्याकडच्या कारखान्यांच्या शेतकी विभागांपर्यंतही पोचली आहे. तिथले सेन्सर रानात कायमचे बसवलेले असतात आणि मोबाइलवर आकडे पाठवतात. चांगली गोष्ट आहे. पण एका जागी बसवलेला सेन्सर त्या एका जागेचीच ओल सांगतो. ज्याचे दोन एकर तीन प्रकारच्या मातीत विभागले आहेत, त्याला हातात धरून फिरवायचे यंत्र आधी उपयोगी पडते.

आता जुळवणीकडे येऊ. यंत्र आणल्या आणल्या पाणी ठरवायला बसू नका. आधी दोन आकडे शोधा.

पहिला वाफशाचा. चांगला मोठा पाऊस झाल्यावर किंवा भरपूर पाणी दिल्यावर, रानाच्या मधल्या भागात दोन-तीन हात लांबी-रुंदीचा, पीक नसलेला तुकडा प्लास्टिकच्या कागदाने झाकून ठेवा, म्हणजे ऊन आणि पीक त्यातले पाणी ओढणार नाहीत. मुरमाड रानात एक-दोन दिवसांनी, खोल काळ्या रानात तीन-चार दिवसांनी जादा पाणी खाली उतरून गेलेले असते. तेव्हा यंत्र जे दाखवील तो त्या मातीचा वाफशाचा आकडा. खोल काळ्या जमिनीत तो आकारमानाने ४० टक्क्यांच्या आसपास निघतो, हलक्या मुरमाड जमिनीत २० च्या आसपास किंवा त्याहून कमी.

दुसरा आकडा पीक कोमेजण्याचा. तो रानात काढत बसू नका, त्यासाठी पीक मारावे लागेल. साधारण हिशोबाला तो वाफशाच्या आकड्याच्या निम्म्याच्या जवळ धरला तरी चालतो. वाफसा ४० वर, कोमेजणे २० वर. पिकाच्या उपयोगाची ओल या दोहोंमधली २०. त्यातली निम्मी संपली की पाट-पाण्यावरच्या उसाला पाणी द्यायचे, असा सर्वसाधारण नियम. म्हणजे यंत्रावर ३० दिसेपर्यंत थांबायचे. ज्याला एवढाही हिशोब नको त्याने वाफशाच्या आकड्याचे पाऊण करावे आणि तो खडूने मोटारीच्या पेटीवर लिहून ठेवावा.

हे झाले यंत्राच्या भरवशावर. यंत्राची स्वतःची परीक्षा घ्यायची ती वजनाने. प्रयोगशाळेत माती १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास भट्टीत वाळवतात. घरी मंद आचेवर लोखंडी तव्यावर, वजन उतरायचे थांबेपर्यंत परतली तरी कामापुरते उत्तर येते. साडेसात सेंटिमीटर आतला व्यास आणि दहा सेंटिमीटर उंची असलेला लोखंडी नळीचा तुकडा घ्या, एक कड धारदार करा. जिथे यंत्राने माप घेतले तिथेच तो ठोकून मातीने भरून काढा. आत सुमारे ४४२ घन सेंटिमीटर माती येते. ओली असताना वजन करा, वाळवून पुन्हा करा. समजा ओली ६८० ग्रॅम आणि वाळल्यावर ५३० ग्रॅम भरली. पाणी १५० ग्रॅम, म्हणजे १५० घन सेंटिमीटर. ते ४४२ ने भागले की ३४ टक्के. यंत्र त्या जागी ३४ च्या जवळपास दाखवत असेल तर उत्तम. ४० दाखवत असेल तर आपल्या रानात ते सहाने पुढे आहे, एवढे वहीत लिहा आणि कामाला लागा. ओलीत एकदा, मध्यम ओलीत एकदा आणि कोरडीत एकदा, असे तीनदा ताडले की यंत्राचा स्वभाव कळतो. घड्याळ दहा मिनिटे पुढे असले तरी ते दररोज तेवढेच पुढे असेल तर गाडी चुकत नाही.

वजनाच्या पद्धतीत एक चूक फार होते. मातीतली ओल वजनाच्या टक्क्यांत काढायची असेल तर पाण्याच्या वजनाला वाळलेल्या मातीच्या वजनाने भागायचे असते, ओल्या मातीच्या नव्हे. शिवाय प्रयोगशाळेने वजनाचे टक्के दिले आणि यंत्र आकारमानाचे दाखवते आहे, तर दोन्ही आकडे जुळणारच नाहीत. वरच्या उदाहरणात वजनाने ओल २८ टक्के आहे आणि आकारमानाने ३४. यात यंत्राचा दोष नाही.

माप कुठे घ्यायचे, यात निम्मे यश आहे. हातयंत्राच्या दांड्या बहुधा पाच ते वीस सेंटिमीटर लांब असतात आणि उसाची बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात. वरची चार बोटे माती उन्हाने वाळलेली असते. तिथे माप घेऊन पाणी सोडले तर खाली चिखल असताना आपण वरून आणखी ओततो. म्हणून गिरमिटाने एक फूट खोल भोक पाडा आणि तळाशी यंत्र दाबा. शक्य असेल तर दीड-दोन फुटांवरही. यंत्र सरळ दाबायचे, हलवून रुतवायचे नाही. हलवले की दांडीभोवती हवेची पोकळी राहते आणि आकडा खाली येतो. भेगेत घालू नका. मुरमात जोर लावू नका, आधी बारीक सळईने वाट करा. दांड्या वाकल्या की दुरुस्तीचा खर्च अंगावर येतो. वीतभर अंतरात तीन मापे घ्या आणि मधला आकडा धरा.

बांधापासून, पाटापासून, रस्त्याच्या कडेपासून दोन-तीन मीटर आत या. सरीच्या तळात नाही आणि वरंब्याच्या माथ्यावरही नाही. वरंब्याच्या उतारावर, जिथे मुळे आहेत तिथे. ठिबक असेल तर तोटीच्या खाली नको आणि दोन नळ्यांच्या मधोमधही नको, तोटीपासून वीतभर बाजूला. पाटपाण्याच्या रानात पाण्याच्या तोंडाला एक, मधे एक आणि शेवटाला एक अशा जागा खुंट्या मारून कायम करा. तोंडाला ३८ आणि शेवटाला २७ असे निघाले तर दोष पाण्याच्या प्रमाणात नसून सरीच्या लांबीत किंवा उतारात आहे. सरी तोडून लहान करावी लागेल. पाणी वाढवून तो दोष जात नाही. माप नेहमी पाणी देण्याआधी, सकाळी, शक्यतो एकाच वेळी घ्यायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचा हिशोब. वर सांगितलेल्या काळ्या रानात यंत्राने ३० दाखवले, वाफसा ४० वर आहे. दहा टक्क्यांची तूट, दोन फुटांच्या थरात. म्हणजे सहा सेंटिमीटर पाणी. एका एकरावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४० हजार लिटर, तेव्हा लागणारे पाणी साधारण २ लाख ४० हजार लिटर. मोटारीचे पाणी दोनशे लिटरचा पिंप चोवीस सेकंदांत भरत असेल तर तासाला ३० हजार लिटर पडते, म्हणजे आठ तास. पाटात मुरणारे धरून थोडे जास्त. या आकड्यावर मोटार बंद करायची.

समजा त्याच दिवशी यंत्राने ३५ दाखवले असते आणि तरी आपण सवयीने आठ सेंटिमीटर पाणी दिले. तूट तीन सेंटिमीटरची. उरलेले पाच सेंटिमीटर मुळांच्या खाली गेले. भारी काळ्या मातीत पाणी निचरून जाण्याजोगी पोकळी फार थोडी असते, पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणून निचऱ्याला वाट नसेल तर एवढे पाच सेंटिमीटर पाणी जमिनीखालची पाण्याची पातळी जवळपास एक मीटरने वर आणू शकते. पातळी मुळांपर्यंत आली की केशाकर्षणाने ते पाणी वर चढते, उन्हाने उडून जाते आणि मीठ मागे ठेवते. पांढरा तुकडा असा तयार होतो. पाणीपट्टी एकरावर असेल तर जादा पाण्याचे पैसे वेगळे पडत नाहीत, म्हणून हे नुकसान त्या हंगामात दिसत नाही.

जिथे असे सुरू झाले आहे तिथे यंत्राच्या आकड्यावर दुहेरी शंका घ्या. क्षारांमुळे बरीच यंत्रे खरे असते त्याहून जास्त ओल दाखवतात. आणि खरोखर ओल असली तरी खारट पाणी मुळांना ओढता येत नाही. ऊस ओल्या मातीत सुकल्यासारखा दिसतो. ते पाहून पाणी वाढवणारे शेतकरी आहेत, आणि त्यांचे रान आणखी लवकर जाते. यंत्राचा आकडा वजनाच्या आकड्याहून खूप पुढे जायला लागला तर मातीची विद्युतवाहकता तपासून घ्या. संपृक्त अर्काची वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. तिथे उत्तर निचऱ्याचे आहे: उघडे चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचे काम या विषयातले आहे, आणि शिरोळच्या दत्त कारखान्याच्या परिसरात पाइप घालून सुधारलेली राने प्रत्यक्ष पाहता येतात.

कालव्याच्या आवर्तनाचा प्रश्न राहतोच. यंत्र ३६ दाखवते आहे, पाणी आज आले आहे आणि पुढचे कधी येईल याचा भरवसा नाही. अशा वेळी हे पाणी घेऊच नका, असा सल्ला कागदावर बरा वाटतो. कोणी शेतकरी तो मानणार नाही आणि मानूही नये. पण तुटीएवढेच द्या. एक आड एक सरी भिजवा. विहिरीला पाणी असेल तर दोन आवर्तनांच्या मधे तिचे पाणी सवयीने सोडायचे थांबवा. ते यंत्राला विचारून सोडा. खोडव्यात पाचट ठेवले असेल तर पाचटाखालची ओल मोजून पाहा, पाळी किती लांबवता येते ते तिथे स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. पावसाळ्यातली उघडीप ही आणखी एक जागा. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसालीला आठवडाभर पाऊस नसला की घाईने पाणी दिले जाते, आणि बहुधा फूटभर खाली वाफशाइतकी ओल शिल्लक असते.

ठिबकवाल्यांनी निम्मी ओल संपायची वाट पाहू नये; वाफशापासून चार-पाच टक्क्यांच्या आत राहावे. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडून जात असेल तर एकराला रोज वीस हजार लिटर लागतात. यंत्र आठवड्यातून दोनदा लावायचे: दीड-दोन फुटांवरचा आकडा दर वेळी वाढत असेल तर ठिबकचा वेळ जास्त आहे, घटत असेल तर कमी. द्राक्षात दोन टप्पे अधिक जपावेत. खरड छाटणीनंतर सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात, साधारण चाळीस ते साठ दिवसांत, पाणी कमी ठेवतात. ते किती कमी ठेवले याचा आकडा वहीत असावा. आणि मण्यात पाणी उतरताना ओल एकदम वर-खाली होऊ देऊ नये, मणी तडकतात.

खरेदीबद्दल थोडे. कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथे लोखंडी नांगर होऊ लागले, त्या काळात लोखंडाने जमीन विषारी होईल अशी शंका घेणारे शेतकरी पुष्कळ होते. शंका खोटी ठरली. पण नव्या अवजाराला बांधावर उभे करून प्रश्न विचारायची ती सवय मोडू नका. विक्रेत्याला विचारा: आकडा आकारमानाचा की नुसता शून्य ते शंभर? शून्य ते शंभरवाले टाळा. आपल्या मातीप्रमाणे दुरुस्ती भरता येते का? क्षार वाढल्यावर काय होते? दांड्या सुट्या मिळतात का? आणि त्याच्यासमोर, आपल्या रानात, त्या नळीने माती काढून वजनाशी ताडून पाहा. जो विक्रेता याला तयार नाही त्याचे यंत्र घेऊ नका.

एकट्याने घ्यायचीही गरज नाही. माप घ्यायला काही मिनिटे लागतात. एक चांगले यंत्र वीस-पंचवीस जणांना पुरते. पाणीपुरवठा संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा गट यांनी ते घ्यावे, एका माणसाने सगळ्यांची मापे घेऊन फळ्यावर लिहावीत. कुंडलच्या क्रांती कारखान्याच्या सभासदांनी शेतकी विभागाकडे तशी मागणी करायला हरकत नाही.

आणि यंत्र येईपर्यंत एक काम आजच करता येते. दोन मीटर खोल भोक पाडून त्यात खालच्या भागाला छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करा, वर झाकण लावा. आठवड्याला एकदा वजन बांधलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजा. पाणी एक मीटरच्या आत आले असेल तर त्या रानात पाणी देऊ नका, शेजाऱ्याने दिले तरी.